दोन नवघरे, एक खाडी आणि अनेक खाती

#इतिहास #धागा

१/
वसईच्या खाडीच्या दोन्ही अंगांना नवघर नावाचे एकेक गाव आहे. उत्तरेचे नवघर वसई रोड स्थानकाच्या परिसरात, तर दक्षिणेचे भाईंदर पूर्वेला. पहिले आज पालघर जिल्ह्यात मोडते, दुसरे ठाणे जिल्ह्यात. एकाची महापालिका वसई-विरार, दुसऱ्याची मीरा-भाईंदर. खाडीत दिवसातून दोनदा चढणारी भरती मात्र दोघांची एकच. या भरतीची जबाबदारी पूर्वी कोणाकडे होती, ती इतक्या खात्यांत कशी वाटली गेली आणि आता ती पुन्हा एकत्र आणण्याचे कोणते प्रयत्न चालू आहेत, याचा हा धागा. मुक्काम दक्षिणेच्या नवघरात.

२/
प्रथम भूगोल. सह्याद्रीतून निघालेली उल्हास नदी ठाण्यापाशी दुभंगते. एक फाटा दक्षिणेला ठाण्याच्या खाडीत जातो. मुख्य प्रवाह घोडबंदर आणि भाईंदरवरून वसईच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळतो. या दोन फाट्यांमधला भूभाग म्हणजे साष्टी. मराठ्यांनी १७३७ मध्ये साष्टी आणि १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या नेतृत्वाखाली वसई घेतली, हा इतिहास बहुतेकांना पाठ आहे. त्या मोहिमेच्या वर्णनांत दलदल आणि भरती-ओहोटी वारंवार येते. पण त्या दलदलीलाही स्वतःचा इतिहास आहे, आणि तो क्वचितच सांगितला जातो.

३/
खाडीकाठच्या माणसाच्या लेखी ही 'दलदल' एकजिनसी नव्हती. भरतीचे पाणी जिथे पसरते ते खाजण. बांध घालून समुद्रापासून सोडवलेली शेतजमीन म्हणजे खार. मिठासाठी आखलेली जमीन म्हणजे आगर किंवा मिठागर. चिखलात उभी राहणारी झाडे म्हणजे तिवर, चिप्पी, कांदळ. शेती, मीठ, मासळी आणि सरपण या चारही गोष्टी एकाच पाण्यावर अवलंबून होत्या. आगरी, कोळी आणि ईस्ट इंडियन ख्रिस्ती समाजाचे जगणे याच पट्ट्यात घडले.

४/
खारीचे तंत्र ऐकायला सोपे आहे, टिकवायला अवघड. खाडीच्या कडेने मातीचा बांध घालायचा. बांधात ठरावीक ठिकाणी उघाडी ठेवायची, म्हणजे पाण्याचे दार. ओहोटीला पावसाचे गोडे पाणी उघाडीतून बाहेर जाते. भरतीला दार मिटते आणि खारे पाणी बाहेरच राहते. काही पावसाळ्यांत मातीतला क्षार धुऊन निघतो आणि भात पिकू लागतो. पण उधाणाच्या एका रात्री बांधाला भगदाड पडले, तर पुढची काही वर्षे जमीन नापीक राहते. म्हणून बांध बांधण्यापेक्षा तो राखणे हे मोठे काम असे.

५/
हे राखणे फुकट होत नसे. कोकणात त्यासाठी शिलोत्री नावाची व्यवस्था होती. ज्याने बांध घालून जमीन समुद्रापासून सोडवली आणि तो बांध नीट ठेवण्याची हमी घेतली, त्याला त्या जमिनीत पिकणाऱ्या भाताचा काही हिस्सा मिळे. म्हणजे बांधाची डागडुजी आणि पिकाचा वाटा एकाच नोंदीत असत. बांध फुटला तर जाब कोणाला विचारायचा, हे गावाला माहीत असे. ही व्यवस्था समतेची नव्हती. चिखलात उतरून माती टाकणारे हात वेगळे होते आणि वाटा घेणारे हात वेगळे. तरी जबाबदारी निनावी नव्हती.

६/
मिठागराचे गणित शेतीच्या नेमके उलटे. शेतकऱ्याला खारे पाणी नको, आगरकऱ्याला हवे. तो भरतीचे पाणी मोजून आत घेतो, आधी मोठ्या साठवणीत, मग लहान-लहान वाफ्यांत. ऊन आणि वारा पाणी आटवतात आणि तळाशी मीठ धरते. म्हणून भाईंदर-नवघरच्या पट्ट्यात शेजारी-शेजारी दोन प्रकारचे बांध दिसत: पाणी अडवणारे आणि पाणी घेणारे. दोन्ही नीट राहायचे तर शेजाऱ्यांना एकमेकांशी बोलावेच लागे.

७/
पुढची पायरी ब्रिटिश अमलाची. १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली; १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडे कायम झाली. १८३७ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातील मिठावर मणामागे आठ आणे अबकारी बसली. येथे एक मूलभूत बदल घडला. खाडीच्या पाण्यातून निघणारी एक वस्तू उरलेल्या खाडीपासून वेगळी काढून एका स्वतंत्र खात्याच्या ताब्यात गेली. १८७३ आणि १८९० च्या मुंबई मीठ कायद्यांनी ही पकड अधिक घट्ट केली.

८/
मीठ खात्याला मिठागराची काळजी नक्कीच होती, पण ती महसुलाची. करचुकवेगिरी कुठून होते, परवाना कोणाकडे आहे, चौकी कुठे हवी, हे त्याचे प्रश्न. त्याच पाण्यात मासळी अंडी घालते की नाही, किंवा शेजारच्या भातशेतीचा निचरा कुठून होतो, हे त्याच्या दप्तरात येण्याचे कारण नव्हते. खाते वाईट होते असा याचा अर्थ नाही. खाते एका कामासाठी निर्माण झाले होते आणि ते तेच काम करत होते. पुढची दीडशे वर्षे हीच गोष्ट वेगवेगळ्या नावांनी पुन्हा घडत गेली.

९/
१८६० च्या दशकात बॉम्बे, बडोदा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे वसईची खाडी ओलांडून मुंबईत आली. खाजणातून लोहमार्ग न्यायचा म्हणजे मातीचा उंच भराव हवा. हा भरावही एक बांधच. फक्त त्याचा हेतू गाडी जाणे हा होता, पाणी जाणे हा नव्हे. आजचे 'भाईंदर पूर्व' आणि 'भाईंदर पश्चिम' हे विभाजन याच भरावाने आखले. नवघर त्याच्या पूर्वेला राहिले. पाण्याच्या वाटेत आणखी एक मालक उभा राहिला.

१०/
आता या परिसराच्या इतिहासातील सर्वांत विलक्षण दस्तऐवज. १८७० मध्ये सरकारने मीरा, भाईंदर आणि घोडबंदर परिसरातील जमिनीचा पट्टा रामचंद्र लक्ष्मणजी यांना दिला. मुदत होती ९९९ वर्षे. त्यामागचे कारण होते समुद्राच्या पाण्यापासून शेतीचे रक्षण: पट्टेदाराने खारे पाणी रोखावे आणि त्या बदल्यात उत्पन्नातील हिस्सा घ्यावा. शिलोत्रीची जुनी कल्पना येथे इंग्रजी कायद्याच्या भाषेत लिहिली गेली. हिशेबाने या पट्ट्याची मुदत २८६९ साली संपायला हवी.

११/
या पट्ट्यातून काय शिकावे? भरतीची जबाबदारी एका हाती असावी, असे म्हणून थांबता येत नाही. एका हाती दिलेली जबाबदारी विकता येते. पट्ट्याचे हक्क पुढे हस्तांतरित होत एका खासगी कंपनीकडे गेले. गावे शहरात बदलली, शेती उरली नाही, बांधाचे मूळ काम विस्मरणात गेले. हक्काचा दावा मात्र जिवंत राहिला आणि मीरा-भाईंदरच्या रहिवाशांना त्याचे परिणाम विसाव्या-एकविसाव्या शतकातही भोगावे लागले. कर्तव्य आणि हक्क एकत्र जन्मले होते. कालांतराने कर्तव्य गळून पडले, हक्क तेवढा उरला.

१२/
खारपट्ट्यातील या विषमतेचा स्फोट दक्षिणेला, अलिबागजवळच्या चरी येथे झाला. नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये तेथील कुळांनी खोतांविरुद्ध संप पुकारला आणि तो सुमारे सहा वर्षे चालला. १९३७ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. बांध राखणारा कोण आणि पीक नेणारा कोण, हा त्या लढ्याच्या मुळाशी असलेला प्रश्न होता. पर्यावरणाचा इतिहास जमीनहक्काच्या इतिहासापासून वेगळा लिहिता येत नाही, तो यामुळेच.

१३/
स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४७ मध्ये मीठकर संपला. मीठ खाते संपले नाही. राज्यघटनेने विषयांची वाटणी केली तेव्हा मिठाचे उत्पादन आणि नियमन संघसूचीत गेले (नोंद ५८). पाणी, निचरा आणि बांध राज्यसूचीत (नोंद १७). जमीन राज्यसूचीत (नोंद १८), मासेमारीही तेथेच (नोंद २१). वने आधी राज्याकडे होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने ती समवर्ती सूचीत आली (नोंद १७अ). नवघरच्या खाजणात उभे राहून पाहिले, तर या पाचही नोंदी एका दृष्टिक्षेपात मावतात.

१४/
बांधांसाठीही स्वतंत्र यंत्रणा झाली. अन्नटंचाईच्या काळात, १९४८ मध्ये 'मुंबई खारभूमी अधिनियम' आला आणि खारजमिनींच्या रक्षणासाठी मंडळाची तरतूद झाली. त्यानंतर १९७९ मध्ये 'महाराष्ट्र खारभूमी विकास अधिनियम' झाला. आज खारभूमी विकासाचे काम जलसंपदा विभागाच्या अखत्यारीत चालते. हेतू उदात्त होता: गरीब शेतकऱ्याला खोताच्या मेहरबानीतून सोडवून बांधाची जबाबदारी शासनाने घ्यायची. पण ही यंत्रणा शेतीसाठी होती. शेतीच संपली तर बांधाचे काय, याचे उत्तर तिच्यापाशी नव्हते.

१५/
तुलनेसाठी नेदरलँड्स. बराच भाग समुद्रसपाटीखाली असलेल्या त्या देशात पाणी राखणारी स्वतंत्र स्थानिक मंडळे तेराव्या शतकापासून आहेत. राइनलँडच्या मंडळाचा इतिहास १२५५ पर्यंत मागे जातो. ही मंडळे स्वतःचा कर घेतात आणि त्यांच्या निवडणुका होतात. पण तीही खूप विखुरली होती. विसाव्या शतकाच्या मध्याला त्यांची संख्या सुमारे अडीच हजार होती. १९५३ च्या महापुरात तेथे १,८३६ माणसे दगावली आणि एकत्रीकरणाला वेग आला. आज ती २१ उरली आहेत. विखुरलेली जबाबदारी एकत्र आणण्याची किंमत त्यांनी अशी मोजली.

१६/
पुन्हा नवघर. १२ जून १९८५ रोजी भाईंदर, मीरा, काशी, नवघर आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती मिळून मीरा-भाईंदर नगरपरिषद झाली. १९९० मध्ये राई-मुर्धे, डोंगरी, उत्तन आणि वर्सावे या ग्रामपंचायती तिच्यात आल्या. २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका अस्तित्वात आली. २००१ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या ५,२०,३८८ होती; २०११ मध्ये ती ८,०९,३७८ झाली. ज्या नवघरचा कारभार काल ग्रामपंचायत पाहत होती, ते एका पिढीत दाट शहराचा भाग बनले.

१७/
या वाढीत खारजमिनीचे काय होते, हे समजून घेणे आवश्यक आहे. शेती थांबली की बांधाची डागडुजी थांबते. बांध फुटतो, भरती आत येते आणि चिखलात तिवरांची रोपे रुजतात. काही वर्षांत जुन्या भातखाचराच्या जागी कांदळवन उभे राहते. आता सातबारावर ती जमीन शेती आहे, जमिनीवर ती वन आहे, विकास आराखड्यात तिला तिसरेच नाव असू शकते आणि शेजारी मीठ खात्याचा दगड रोवलेला असतो. प्रत्येक खात्याचा कागद आपल्या जागी खरा असतो. भांडण तेथूनच सुरू होते.

१८/
खात्यांच्या वरचा एखादा नियम हवा, ही जाणीव हळूहळू आली. १९८६ चा पर्यावरण (संरक्षण) अधिनियम आणि त्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ ची किनारा नियमन क्षेत्राची अधिसूचना ही पहिली मोठी पावले. या अधिसूचनेची आधाररेषा होती भरतीची सर्वोच्च रेषा. मालकी केंद्राची असो, राज्याची असो वा खासगी, त्या रेषेपासून किती अंतरात काय करता येईल, हे ठरले. सातबारा, परवाना आणि आराखडा बाजूला ठेवून प्रथमच कायद्याने पाण्याला विचारले, की तू कुठवर येतोस.

१९/
दुसरे पाऊल स्थानिक स्वराज्याचे. १ जून १९९३ पासून ७४ वी घटनादुरुस्ती अमलात आली. बाराव्या अनुसूचीत नगरपालिकांच्या विषयांत नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण आणि परिसंस्थांच्या संवर्धनाचा समावेश झाला. महाराष्ट्रात १९७५ च्या कायद्याने शहरांत वृक्ष प्राधिकरणे आधीच होती. पण झाड हे एक झाड असते; परिसंस्था ही नात्यांची गुंफण असते. तिच्यासाठी एका प्राधिकरणापेक्षा सगळ्या विभागांना एका मेजावर आणणारे साधन हवे होते.

२०/
ते साधन फारसे कोणाला माहीत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमातील कलम ६७अ नुसार आयुक्ताने दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या स्थितीचा अहवाल महापालिकेपुढे ठेवायचा असतो. यालाच 'पर्यावरण सद्यस्थिती अहवाल' म्हणतात. पाणीपुरवठा, मलनिस्सारण, घनकचरा, उद्यान, वाहतूक, वीज, नगररचना अशा सर्वांची माहिती एका पुस्तकात येते. वर्षातून एकदा का होईना, शहराकडे एक शरीर म्हणून पाहण्याची ही कायदेशीर सक्ती आहे.

२१/
तिसरे पाऊल न्यायालयातून आले. 'बॉम्बे एन्व्हायर्नमेंटल ॲक्शन ग्रुप' या संस्थेने २००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात याचिका केली. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि निचऱ्याच्या बुजलेल्या वाटा हा सार्वजनिक चर्चेचा विषय बनला. ६ ऑक्टोबर २००५ रोजी न्यायालयाने राज्यभर कांदळवनतोडीला बंदी केली, त्यांच्या भोवतालच्या ५० मीटर पट्ट्यात बांधकाम रोखले आणि सरकारी जमिनींवरील कांदळवने वन विभागाकडे सोपवण्याचे आदेश दिले.

२२/
२०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्ष स्थापन झाला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या अहवालांत राज्याचे कांदळवन क्षेत्र २०१५ मध्ये २२२ चौरस किलोमीटर होते. २०१७ मध्ये ३०४ आणि २०२१ मध्ये ३२४. १७ सप्टेंबर २०१८ रोजी न्या. अभय ओक आणि न्या. रियाज छागला यांच्या खंडपीठाने अंतिम निकालात सांगितले, की कांदळवनांचा विनाश हा घटनेच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्कावर आघात आहे. देखरेखीसाठी कोकण विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचा आदेशही त्यात होता. महसूल, वन, पोलीस आणि नियोजन यंत्रणा यांनी एकत्र बसावे, हे न्यायालयाला सांगावे लागले.

२३/
तरीही फटी उरतात. केंद्राच्या २०१७ च्या पाणथळ संवर्धन नियमांच्या व्याख्येतून मिठासाठी मुद्दाम निर्माण केलेली जलाशये वगळलेली आहेत. म्हणजे ज्या मिठागरांत हिवाळी पाणपक्षी उतरतात, ती या नियमांपुरती 'पाणथळ' नाहीत. मिठागरांच्या जमिनींच्या मालकीवरून केंद्र, राज्य आणि खासगी दावेदार यांचे वाद दीर्घकाळ चालू आहेत. १८३७ मध्ये खाडीपासून वेगळी काढलेली जमीन आजही नियमांत वेगळीच राहिली आहे.

२४/
जोडणी आणि तुटणी यांचे सर्वांत बोलके उदाहरण पिण्याच्या पाण्याचे. मीरा-भाईंदरला पाणी पुरवणारी स्टेम ही यंत्रणा ठाणे, भिवंडी-निजामपूर आणि मीरा-भाईंदर या तीन महापालिका व ठाणे जिल्हा परिषद यांची संयुक्त आहे. ती पाणी घेते उल्हास नदीतून, कल्याणनजीकच्या शहाडजवळ. तीच उल्हास पुढे भाईंदरची खाडी होते आणि काठावरच्या शहरांचे सांडपाणी तिच्यात येते. पाणी आणण्यासाठी चार स्थानिक संस्था एक झाल्या. पाणी परत देताना मात्र प्रत्येकाचे प्रक्रिया केंद्र, प्रत्येकाचा नाला आणि प्रत्येकाची फाईल स्वतंत्र आहे.

२५/
कचऱ्याचीही हीच कथा. २००० आणि २०१६ च्या घनकचरा नियमांनी वर्गीकरण आणि प्रक्रियेची जबाबदारी पालिकेवर टाकली. मीरा-भाईंदरचा कचरा उत्तनच्या धावगी डोंगरावर जातो. तेथील रहिवाशांचा विरोध राष्ट्रीय हरित लवादापर्यंत पोहोचला. नवघरच्या स्वयंपाकघरात ओला-सुका कचरा वेगळा न होणे आणि किनाऱ्यावरच्या कोळी वस्तीने धूर सोसणे, या एकाच घटनेच्या दोन बाजू आहेत. ज्याला सोय मिळते आणि ज्याच्या वाट्याला भार येतो, ती माणसे पुन्हा वेगळी. शिलोत्रीच्या काळातला प्रश्न येथे नव्या रूपात उभा राहतो.

२६/
२ ऑक्टोबर २०२० रोजी राज्याने 'माझी वसुंधरा अभियान' सुरू केले. भूमी, वायू, जल, अग्नी आणि आकाश या पंचतत्त्वांवर स्थानिक संस्थांच्या कामाला गुण दिले जातात. त्याच काळात राज्याच्या पर्यावरण विभागाच्या नावात 'वातावरणीय बदल' हे शब्द आले. वृक्षलागवड उद्यान विभागाची, सौर दिवे विद्युत विभागाचे, जलपुनर्भरण पाणीपुरवठ्याचे आणि जनजागृती सर्वांची. पण गुणपत्रिका एकच. स्पर्धेत दिखाव्याचा धोका असतो. तरी एका विभागाच्या ढिलाईचे गुण दुसऱ्याचेही कमी करतात, ही व्यवस्था प्रशासनाच्या इतिहासात लहानशी पण खरी नवलाई आहे.

२७/
मात्र ही गुणपत्रिका पालिकेच्या हद्दीपुरती आणि अधिकारांपुरती असते. कांदळवन वन विभागाचे, मिठागर वादातले, भराव रेल्वेचा, किनाऱ्याची परवानगी किनारा प्राधिकरणाची. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाल्यावर खाडीचे दोन काठ दोन जिल्हाधिकाऱ्यांकडे गेले. उलट दिशेचे उदाहरणही आहे: १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले आणि दोन्ही नवघरे एका पोलीस आयुक्ताच्या कक्षेत आली. गुन्हेगार खाडी ओलांडतो, हे शासनाने मान्य केले. पाणीही खाडी ओलांडते, हे मान्य करणारी यंत्रणा अजून व्हायची आहे.

२८/
या सगळ्याचा अर्थ 'जुने ते सोने' असा नाही. शिलोत्रीत वेठ होती, ९९९ वर्षांच्या पट्ट्यात मक्तेदारी होती आणि खोतीविरुद्ध माणसांना सहा वर्षे लढावे लागले. खाती निर्माण झाली ती बहुतेक चांगल्या कारणांसाठी. पण प्रत्येक वाटणीत एक गोष्ट हरवत गेली: बांधाचा लाभ कोणाला आणि बांधाची राखण कोणाकडे, ही जोडनोंद. नवघरमधील पर्यावरणाचे आजचे सर्व प्रयत्न, मग तो ६७अ चा अहवाल असो, न्यायालयाची समिती असो वा पंचतत्त्वांची गुणपत्रिका, ती नोंद पुन्हा लिहिण्याचे प्रयत्न आहेत.

२९/
इतिहासाच्या विद्यार्थ्यांना येथे करण्यासारखे बरेच आहे. आपल्या शहराचा पर्यावरण सद्यस्थिती अहवाल मिळवून वाचावा. महापालिका असेल तर तो असायलाच हवा. त्याच्या शेजारी १८८२ च्या ठाणे गॅझेटियरमधील मीठ आणि खारजमिनींचे वर्णन ठेवावे. गावातल्या वृद्धांना जुन्या उघाडीची जागा विचारावी आणि ती नकाशावर मांडून ठेवावी. पावसाळ्यात पाणी जिथे तुंबते, तिथे पुष्कळदा जुन्या पाण्याची वाट सापडते. ही माहिती अहवालात आली, तर पुढच्या उधाणाला तिचा उपयोग होईल.

(समाप्त)